मेणातली कवळी

सोमवार, ४

बायको म्हणते, या वयात लोक डायरी लिहायची सोडतात आणि तुम्ही सुरू करताय. बरोबर आहे तिचं. माझं सगळंच उशिरा. पण आठ दिवस एकट्याने बाहेर राहायचंय आणि मनात जे चाललंय ते तिथे कुणाशी बोलता येणार नाही. घरी तरी कुठे बोललो, हा प्रश्न वेगळा.

मालकांनी नवीन मशीन घेतलंय. यापुढे कवळ्या मशीन कोरणार. ते चालवायला शिकायचं म्हणून लॅबमधला सगळ्यात जुना माणूस निवडला, म्हणजे मी. सत्तावीस वर्षं मी हाताने कवळ्या बनवतोय. पॉलिशवाला म्हणाला, "मास्तर, बकऱ्यालाच सुरीला धार लावायला पाठवताहेत." सगळे हसले, मीही हसलो.

तिकीट काढणाऱ्या मुलीने सांगितलं, सरळ जाणारं विमान आहे. मी दुसरं मागितलं, मध्ये एका लहान गावात बदलावं लागतं ते. तिथे जाताना चार तास दहा मिनिटं थांबायचं, येताना चार तास. मुलीला म्हटलं, सरळ विमानाची वेळ मला गैरसोयीची आहे. हीच थाप बायकोला मारली तर ती म्हणाली, "सकाळी दहाचं विमान गैरसोयीचं? तुम्ही सहाला उठून भांडी वाजवता." मी म्हटलं, वाटेत एखादं नवं गाव बघून होईल. त्यावर ती म्हणाली, "चार तासांत? तुम्हाला अंघोळीला एक तास लागतो."

त्या गावात माझ्या ओळखीचं कुणी नाही. एक बाई आहे, पण तिला ओळख म्हणता यायचं नाही. तिचा चेहरा मी कधी पाहिलेला नाही. तिच्या हिरड्यांचा साचा मात्र तीन आठवडे माझ्या टेबलावर होता.

मंगळवार, ५

बॅग भरून झाली. आता लिहूनच टाकतो.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. ही बाई दातांसाठी आठ तासांचा बसप्रवास करून आमच्या शहरातल्या डॉक्टरांकडे यायची. कवळी करताना आधी दात मेणात बसवतात आणि ती मेणाची कवळी माणसाच्या तोंडात घालून बघतात. नीट चावता येतं का, बोलता येतं का, हे तेव्हाच कळतं, कारण मेणात बदल करता येतो. नंतर ती प्लास्टरभरल्या पितळी डब्यात बंद करायची, उकळत्या पाण्याने मेण काढायचं आणि त्या जागी पक्कं गुलाबी मटेरियल भरायचं. तिची मेणातली कवळी एकदम झकास बसली होती. डॉक्टरांचा फोन आला होता, "मास्तर, बाई काय बोलली हो! आम्ही टाळ्या वाजवल्या."

शनिवारी मी डबा उघडला तर समोरच्या बाजूचं प्लास्टर फुटलेलं. पुढचे सहा दात सुटून पाण्यात पडले होते. नियम असा की डॉक्टरांना कळवायचं, बाईला पुन्हा बोलवायचं आणि मेणापासून सुरुवात करायची. मी ते सहा दात गाळणीत धरले, धुतले आणि अंदाजाने बसवले. त्या दिवसापर्यंत माझं एकही काम परत आलं नव्हतं. लॅबमध्ये ते सगळ्यांना पाठ होतं: मास्तरचं काम परत येत नाही.

आणि तिला पुन्हा आठ तासांचा प्रवास पडू नये, हाही विचार होता. होताच.

महिन्याभराने तिचं पत्र आलं. दोनच ओळी. "मेणातली कवळी माझी होती. ही ती नाही." मी पत्र खणात ठेवलं.

उद्याचा हिशोब असा: गावात जायला पंचवीस मिनिटं, यायला पंचवीस, विमानाआधीचा एक तास सोडायचा. उरले दोन तास वीस मिनिटं. माफी मागायला पुष्कळ झाले.

बुधवार, ६ (दुसऱ्या विमानात)

विमान हलतंय, अक्षराला हसू नये.

विमानतळ म्हणजे एक लांबट हॉल, बाहेर दोन विमानं मावतील एवढी जागा. सामान ठेवायची खिडकी कोपऱ्यात. तिथे एक बाई बसली होती. केस पांढरे, बारीक कापलेले, कोटाची कोपरं विटलेली, पण पाठ अशी ताठ की जणू समोर सभा भरलीय. मी नमस्कार केला तर उत्तर नाही. एक हात तोंडावर. दुसऱ्या हाताने तिने वही पुढे सरकवली आणि म्हणाली, "नाव. वेळ." मी विचारलं, बिल्ला नंबर किती? तिने बोलायच्या ऐवजी बिल्लाच माझ्या डोळ्यांसमोर धरला. सतरा. तोंड उघडायला पैसे पडतात की काय हिला, असं मनात आलं. माझी सही मोठी आहे, शेवटी लांब शेपटीची, शाळेपासून तशीच. ती सहीकडे बघत राहिली. मला वाटलं, हिची ओळ वाया गेली म्हणून राग आला असेल.

गावात उतरलो. पत्ता खिशात होता, पण एवढ्या लांब आलोय तर गाव नको का बघायला? पुलावर उभा राहून नदी बघितली. एका दुकानात बायकोसाठी कंगवा घेतला. मग वाटलं, माफी मागायला जायचं तर अवतार नीट हवा, म्हणून केस कापून घेतले. न्हाव्याने विचारलं, "घाई नाही ना?" मी म्हटलं, "नाही, आरामात." हे मी म्हटलं.

पत्त्यावर पोहोचलो तेव्हा हातात चाळीस मिनिटं उरली होती. खाली फोटोंना चौकटी करून देणाऱ्याचं दुकान, वर तिचं घर. घराला कुलूप. चौकटवाला काच कापत होता. मी बाईंचं नाव सांगितलं तर तो म्हणाला, "कोण? हां, शिट्टीबाई!"

मी म्हटलं, "शिट्टीबाई?"

"अहो, विमानतळावर घोषणा करायच्या त्या. बावीस वर्षं. काय आवाज होता! लोक कुठे जायचं नसलं तरी तिथे चहा प्यायला जायचे, नुसतं ऐकायला. मग शहरातून दात बसवून आल्या आणि खेळ खलास." त्याने काच खाली ठेवली, ओठांचा चंबू केला आणि प्रवाशांना सूचना देताना तिच्या प्रत्येक 'स'ला कशी शिट्टी वाजते ते करून दाखवलं. करून दाखवण्यात तो वस्ताद होता. मी हसलो.

हसलो. खोटं कशाला लिहू? तो हसवत होता आणि माझा हसण्याचा आवाज त्या काचांच्या दुकानात मला ऐकू आला.

"एकदा एक अख्खं कुटुंब हसून हसून रांगेतच बसलं खाली," तो म्हणाला. "बाईंनी माइक बंद केला तो केलाच. आता घोषणा मशीन करतं. बाई तिथेच असतात, बॅगा सांभाळतात. तुम्ही आलात ना विमानाने? मग दिसल्या असतील की!"

परत आलो. खिडकीशी उभा राहिलो. वाक्य तयार होतं, दोन महिने घोकलं होतं. मी बिल्ला पुढे केला. तिने वही उघडली, माझ्या सहीवर बोट ठेवलं, मग माझ्याकडे बघितलं. बॅग वर ठेवली, पण उचलायची कडी सोडेना. मी माझ्या बाजूने ओढतोय, ती तिच्या बाजूने धरून आहे. आणि मी काय बोललो? "पुढच्या बुधवारी याच वाटेने परत जाणार आहे. तेव्हाही बॅग ठेवता येईल ना?"

तिने मान हलवली आणि कडी सोडली.

म्हातारपणी हाताची पकड अशी अडकते कधीकधी. आईचीही अडकायची.

शुक्रवार, ८

शिकवणारा भला माणूस आहे. म्हणाला, या मशीनमध्ये मेणाची भानगडच नाही, सगळं पडद्यावर. मी विचारलं, मग माणूस बोलून कधी बघतो? तो म्हणाला, "काका, बोलून काय बघायचंय? माप बरोबर असलं की झालं."

बाकीचे माना डोलावत होते. मीही डोलावली.

शनिवार, ९

मंगळवारी लिहिलं ते पूर्ण नाही. तिचं पत्र मी खणात ठेवलं हे खरं, पण आधी त्याला उत्तर दिलं. लॅबच्या छापील कागदावर, मालकांना न विचारता. "आपली कवळी तपासली असून ती मंजूर नमुन्याप्रमाणेच आहे. प्रश्न सवयीचा आहे." खाली नाव आणि सही, शेपटीसकट. काहीही तपासलं नव्हतं. कवळी तिच्या तोंडात होती, मी तपासणार कुठून?

डायरीशीही खोटं बोलणारा माणूस मी. ही कुणी वाचणार नाही हे माहीत असून.

सोमवार, ११

सकाळी आरशासमोर वाक्य म्हणून बघितलं. "बाई, माझ्या हातून एक चूक झाली." चांगलं वाटलं. मग "तुम्हाला पुन्हा प्रवासाचा त्रास नको म्हणून" हेही जोडलं. तेही चांगलं वाटलं. आरशात मी फार सज्जन दिसतो.

माप घेण्याचं सामान विकत घेतलं. चार तासांत माप नक्की घेता येईल. वेळ पडली तर विमान सोडेन, मग तिलाही कळेल की माणूस मनापासून आलाय.

बुधवार, १३ (विमानात)

पुलावर गेलो नाही, न्हाव्याकडे गेलो नाही. थेट खिडकीशी गेलो.

तिने वही सरकवली. मी सही केली. मग तिने खणातून एक कागद काढला, घड्यांवर फाटायला आलेला, आणि वहीशेजारी ठेवला. माझं पत्र. दोन सह्या शेजारी शेजारी, दोन शेपट्या.

"हे तुम्हीच ना?" ती हातामागून म्हणाली.

"हो."

"त्या बुधवारीच ओळखलं. म्हटलं, बघू, बोलतो का."

म्हणजे कडी तिने मुद्दाम धरली होती. मला तोंड उघडायला वेळ देत होती, आणि मी म्हातारपणाची पकड म्हणून मोकळा झालो.

मी आरशासमोरचं भाषण सुरू केलं. माझ्या हातून, तुम्हाला आठ तास... तिने तळहात वर केला.

"ते नको. कवळी तीच होती की नव्हती?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ती 'स' नसलेली वाक्यं बोलत होती. प्रत्येक शब्द आधी चाचपून, खड्डे चुकवत सायकल चालवावी तसं. पाच वर्षं.

"नव्हती," मी म्हणालो.

"मोठ्याने."

"नव्हती. पुढचे सहा दात मी अंदाजाने बसवले. पुन्हा मेणात बघायला हवं होतं, ते बघितलं नाही."

तिने तोंडावरचा हात खाली घेतला. "ओ सिक्युरिटी, इकडे या," ती हाक मारून म्हणाली. "ए चौकशीवाली, तूसुद्धा ये." शिट्टी वाजली, स्पष्ट, हॉलभर. बाकावरच्या दोन प्रवाशांनी माना वळवल्या. आणि मी काय केलं? माझ्या कानाने माप घेतलं: समोरचे दोन दात दीड मिलिमीटर आत हवेत. हाडात मुरलेल्या या सवयीची मला आज जेवढी लाज वाटली तेवढी कशाचीच वाटली नाही.

गणवेशातला सिक्युरिटीवाला आला, चौकशीच्या टेबलावरची मुलगी आली, फरशी पुसणारी बादली ठेवून आपणहून आली.

"सांगा," बाई म्हणाली. "सगळ्यांसमोर सांगा."

मी सांगितलं. डबा, सहा दात, गाळणी, तिचं पत्र, माझं उत्तर. पायाखालची फरशी ओली होती, तिच्याकडे बघून सांगत होतो तर बाई म्हणाली, "वर बघून." मग वर बघून पुन्हा सांगितलं.

सिक्युरिटीवाला म्हणाला, "म्हणजे बाई एवढी वर्षं खरं तेच सांगत होत्या?"

"हो."

"आणि आम्ही म्हणायचो, नखरे आहेत." त्याने टोपी काढून हातात घेतली.  शिट्टीची नक्कल चौकशीवालीने कधी केली होती की नाही मला माहीत नाही, पण तिचे कान लाल झाले होते.

बाई म्हणाली, "माझा नवराही तेच म्हणत गेला. सवय कर, तुझाच हट्ट आहे. शेवटच्या आजारात मी त्याला वाचून दाखवायला घेतलं की म्हणायचा, राहू दे, कानाला त्रास होतो. त्याला कोण सांगणार आता?"

 आरशासमोर असा प्रश्न आलाच नव्हता.

मी बॅग उघडायला लागलो. "मी नवीन करून देतो, लॅबमध्ये आता मशीन आलंय. माप घ्यायचं सामान आणलंय. आत्ता घेतो. आजचं विमान सोडतो हवं तर."

ती म्हणाली, "माझा आवाज ऐकलात कधी? दात होते तेव्हाचा? किंवा मेणात बोलले तेव्हाचा?"

"नाही. मी लॅबमध्ये असतो. दवाखान्यात जात नाही."

"म्हणजे काय बिघडवलंत तेही तुम्हाला ठाऊक नाही."

"नाही."

तिने पत्र उलटं केलं आणि दोरीने बांधलेलं पेन दिलं. मागच्या कोऱ्या बाजूला मी लिहिलं: पलीकडच्या बाजूचा मजकूर खोटा आहे. बाईंचं म्हणणं खरं होतं. सही करताना शेपटी आली नाही. तिने वाचलं, घडी घातली. घडी घालताना हात फार सावकाश चालत होते.

मग मी बाकावर बसून राहिलो, सव्वातीन तास. ती कामात होती. बॅगा घेत होती, देत होती. प्रत्येकाला बिल्ल्याचा आकडा तोंडाने सांगत होती. सात. सतरा. सव्वीस. एकजण हसला. ती सांगत राहिली.

माझ्या विमानाची घोषणा झाली, मशीनच्या आवाजात. मी उठलो नाही. खिडकीतून तिने बोट दरवाजाकडे केलं.

"जा. विमान चुकवून माझ्यावर उपकार नकोत."

शुक्रवार, १५

घरी. बायकोला कंगवा दिला आणि सगळं सांगितलं. ती बराच वेळ कंगव्याचे दात अंगठ्याने वाजवत बसली. मग म्हणाली, "तुमचं काम परत येत नाही म्हणून मी सगळीकडे सांगत फिरले." एवढंच. भाजी वाढली, पण शेजारी बसली नाही.

लॅबमध्येही सांगितलं. मालक म्हणाले, "पाच वर्षांनी? कुणी विचारलं होतं का तुम्हाला?" मी म्हटलं, हो, तिने विचारलं होतं, आपल्याच कागदावर उत्तर गेलंय. मशीनवर आता दुसरा माणूस बसणार. पॉलिशवाल्याने आज थट्टा केली नाही, त्यामुळे दिवस फार लांब वाटला.

मंगळवार, २६

तिचं पत्र आलं. माझ्या नावाने. या वेळी ओळी जास्त आहेत, तशाच उतरवतो.

"मशीनचं नको. हाताने करा, मेणात, इथे येऊन. डबा वगैरे जे लागेल ते घेऊन या, खाली चौकटवाल्याने टेबल द्यायचं कबूल केलंय. मेणात मी जुन्या घोषणा म्हणून बघेन. तुम्ही समोर बसून ऐकायचं. चुकलं तर पुन्हा. पक्की झाल्यावर परत म्हणेन, तेव्हाही ऐकायचं. किती दिवस लागतील ते तुम्ही ठरवायचं नाही."

चौकटवाल्याने टेबल द्यायचं कबूल केलंय. मी त्याच्या दुकानात हसलो होतो, हे त्याने तिला सांगितलं असेल का? सांगितलं असेल. नसेल तर मी सांगेन.

बुधवार, २७

तिकीट काढायला गेलो. तीच मुलगी होती. गावाचं नाव ऐकून म्हणाली, "तिथून पुढे कुठे?"

"पुढे कुठे नाही."

"नुसतं तिथेच? काका, तिथे लोक विमान बदलायला उतरतात." मग तिने विचारलं, "परतीची तारीख?"

मी म्हटलं, मोकळी ठेवा.

पितळी डबा, मेण, गाळणी बॅगेत घातलीय. बायको दाराशी येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता विचारणार, या वेळी किती तास? ती आत गेली, आणखी चार सदरे आणले आणि वर ठेवले.